अडतीस इंच

"सरळ उभी ऱ्हा. हात दुमड. मूठ हनुवटीखाली घे."

आबांनी टेपचं एक टोक माझ्या बुटाच्या टाचेशी दाबलं आणि दुसरं वर कोपरापर्यंत आणलं. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात आमची भाड्याची शेड होती, तिथला तो शेवटचा दिवस. लोखंड कातायची लेथ ट्रॉलीवर चढवून झाली होती, ड्रिल मशीन पोत्यात गुंडाळलं होतं, आणि शेडचा मालक दारात उभा राहून आम्ही भिंतीतले खिळे तरी ठेवतोय की नाही यावर नजर ठेवून होता.

"अडतीस," आबा म्हणाले. "लिही."

मी ग्राफपेपरवर अडतीस लिहिलं आणि त्याच्याभोवती दोनदा गोल काढला.

या कामाची ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. व्हाइस म्हणजे बेंचवर बसवलेला लोखंडी जबडा. कानशीनं लोखंड घासायचं असो की कापायचं असो, काम त्यात घट्ट पकडायचं. त्या जबड्याची वरची कड काम करणाऱ्याच्या कोपराशी यावी लागते. वर राहिली तर खांदे जातात, खाली राहिली तर कंबर जाते. आमच्या शेडमधला व्हाइस आबांच्या कोपराला होता, एक्केचाळीस इंचांवर. मी अठराव्या वर्षी आयटीआयमधून टर्नर होऊन आबांच्या हाताखाली आले ती तीन इंच जाडीच्या एका सागवानी फळीवर उभी राहून. नऊ वर्षं त्या फळीवर काढली. नवं गिऱ्हाईक आलं की आधी फळीकडे बघायचं, मग माझ्याकडे, आणि मग आबांना विचारायचं, "पोरगीच करणार व्हय काम?" एकदा फळी सरकली आणि कानशीचं टोक तळहातात घुसलं. ती खूण अजून आहे.

म्हणून अडतीस हा आकडा माझ्यासाठी काय होता हे मला कुणाला समजावून सांगावंसं वाटत नाही. मी जमिनीवर उभी राहून काम करणार होते.

"शेड गेली म्हणून हात गेलेत का आपले?" आबा म्हणाले. "घरात उभं करू, गाडीच्या खोलीत. आखणी सगळी तू कर, वैजू. मी मधी तोंड घालणार न्हाई."

निघताना मी फळी तिथंच टाकून देणार होते. आबांनी ती उचलून ट्रॉलीत ठेवली. "असू दे. कशाला तरी हुईल," म्हणाले.

गाडीची खोली म्हणजे आमच्या घराला लागून असलेलं दहा बाय अठराचं एक गोदाम. माझा थोरला भाऊ रणधीर पुण्याला एका कंपनीत लागला तेव्हा आबांनी हौसेनं त्याच्या गाडीसाठी ती बांधली होती. गाडी काही आली नाही. रणधीर वर्षातून दोनदा यायचा, तोही एस.टी.नं. खोलीत आईच्या सांडग्या-पापडांचे डबे, मोडका पाळणा आणि उंदरांची एक खानदानी वस्ती होती.

ती मी रिकामी केली. श्रावणात जुनी फरशी फोडली. लेथ उत्तरेच्या भिंतीला घेतली, म्हणजे खिडकीचा उजेड दिवसभर कामावर पडेल आणि ऊन डोळ्यांत येणार नाही. तिच्याखाली नऊ इंचांचं काँक्रीट, त्यात पायाचे बोल्ट. बोल्ट हलू नयेत म्हणून लाकडी साचा मी स्वतः केला, लेथ उतरवली तेव्हा चारी भोकं बोल्टांत अलगद बसली आणि गवंडी म्हणाला, "ताई, नशीब हाय." नशीब कसलं, तीन वेळा मोजलं होतं. ग्राइंडर दाराच्या कोपऱ्यात घेतला, ठिणग्या बाहेर उडाव्यात म्हणून. भिंतीवर एक मोठा प्लायवूड मारला आणि त्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा पेन्सिलीनं काढली, म्हणजे काय जागेवर नाही ते एका नजरेत कळेल. फळी एका कोपऱ्यात उभी करून ठेवली.

गल्लीतल्या बायका डोकावून जायच्या. एकीनं विचारलं, "मांडवाची तयारी चाललीय व्हय?" मी म्हटलं, "हो. नवरा पाचशे किलोचा आहे, आत उभाय, बघून घ्या." ती परत आली नाही.

आबा रोज संध्याकाळी येऊन बघायचे. भिंतीवर लावलेल्या आराखड्यासमोर उभे राहायचे. "डोकं चांगलं चालतंय तुझं," एवढंच म्हणायचे. आबांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप होतं, आणि मी त्यावर दोन महिने फुगून होते. आज आठवलं की माझाच मला राग येतो.

गणपतीला रणधीर आला. सहा फुटांचा माणूस, आमच्या घरात कुणावर गेलाय कळत नाही. चेहरा पडलेला होता. आईनं विचारलं तर म्हणाला, प्रवास झाला. दुसऱ्या दिवशी आबा त्याला खोली दाखवायला घेऊन गेले. मी चहा घेऊन निघाले तर आतून आबांचा आवाज ऐकू आला.

"मूठ हनुवटीखाली घे की. आणि ताठ ऱ्हा, वाकू नको."

मी दारात पोचले तेव्हा रणधीर भिंतीला पाठ लावून उभा होता आणि आबा त्याच्या कोपराशी प्लॅस्टरवर पेन्सिलीनं खूण करत होते. मला हसू आलं. आबांची सवयच होती ती. पाहुणे आले तरी त्यांचं कोपर मोजायचे. मी चहा दिला आणि गेले.

पुढच्या आठवड्यात वायरमन आला. "स्विचांचा बोर्ड कुठं घेऊ?" त्यानं विचारलं. भिंतीवर पंचेचाळीस इंचांवर ती खूण होती. आबांच्या मोजायच्या हौसेतली ती खूण मला बोर्डाला सोयीची वाटली. "त्या खुणेवर घ्या," मी सांगितलं. आबा तिथंच लेथला तेल घालत होते. त्यांनी ऐकलं. मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि परत तेल घालायला लागले.

बाकी सगळं मी एखाद वेळेस विसरेन. ते तेल घालणं विसरत नाही.

राहिलं होतं फक्त बेंच. ते शौकतचाचांकडे करायला दिलं होतं. चाचा आबांचे तीस वर्षांचे दोस्त, जोडकामात, म्हणजे वेल्डिंगमध्ये, त्यांचा हात धरणारा उद्यमनगरात नव्हता. बेंच अष्टमीला यायचं, नवमीला खंडेपूजन, आणि दसऱ्याला चाचा येऊन फरशीवर टेकलेल्या पायांना पट्ट्या जोडून त्या जमिनीत काँक्रीटनं पक्क्या करणार. पट्ट्यांसाठी चार खड्डे मी आधीच खणून ठेवले होते. अष्टमीला मी थ्री-फेजच्या मीटरसाठी वीज कार्यालयात दिवसभर बसले. घरी आले तर बेंच आलेलं होतं, वरून आईची जुनी चादर टाकलेली.

मी चादर उचलायला गेले. "उद्या पूजेलाच उघडू," आबा म्हणाले. त्यांना माझी गंमत करायचीय असं मला वाटलं. मी मूर्खासारखा हात मागे घेतला.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडतात. त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही, जागेवरून हलवायचंसुद्धा नाही. आबांनी चाळीस वर्षांत हा नेम मोडला नव्हता. एकदा नवमीला मिलचा मालक बिघडलेली मोटार घेऊन दारात आला होता, त्यालाही हात जोडून परत पाठवलं होतं.

सकाळी लेथला हार घातला. पाटावर कानशी, छिन्न्या, हातोडे, काटकोनी गुण्या आणि लोखंड कापायचा हॅक्सॉ ओळीनं मांडले. आईनं निरांजन लावलं. शौकतचाचा पांढरा शर्ट घालून आले होते. रणधीर आदल्या दिवशीच पुण्याहून आला होता, दसऱ्याला तो कधी यायचा नाही. मी एवढंही विचारलं नाही की का आलास.

आबांनी चादर काढली.

बेंच सुरेख होतं, यात काही खोटं नाही. चाचांचं जोडकाम नुसतं बघत राहावं असं. वर जुना व्हाइस, नव्यानं रंगवलेला. मी जाऊन शेजारी उभी राहिले, हात दुमडला, मूठ हनुवटीखाली घेतली.

व्हाइस माझ्या काखेशी आला.

"चाचा," मी म्हटलं, "उंची चुकली."

शौकतचाचांनी आबांकडे बघितलं. आबा निरांजनाची वात सारखी करत होते.

"चुकली न्हाई, पोरी," चाचा हळू आवाजात म्हणाले. त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. ती त्यांनी मुद्दाम जपून आणली होती, हे नंतर माझ्या लक्षात आलं. "तुझ्या आबानं, महादूनंच लिहून दिलंय. मी दोनदा इचारलं, अडतीस म्हणत हुतास की. म्हणला, न्हाई, पंचेचाळीस."

आबांचं अक्षर. मागच्या भिंतीवरचा माझा बोर्ड. पंचेचाळीस.

"अगं, त्याची काळजी मी केलीय," आबा म्हणाले आणि लेथच्या मागून त्यांनी एक लोखंडी चौरंग ओढून काढला. हिरवा रंग दिलेला, वर काळं रबर चिकटवलेलं. "सात इंची. तुझ्यासाठी करून घेतलाय. आता फळीसारखा सरकायचा न्हाई, पाय घसरायचा न्हाई. चढून बघ."

ते खरोखर खूश होते. मी चौरंग बघून आनंदानं वर चढेन असं त्यांना वाटत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं तीन इंच, आता सात.

"हे कुणाच्या कोपराला केलंय?" मी विचारलं.

 रणधीर खाली फरशीकडे बघत होता. मीच घातलेल्या फरशीकडे.

"त्याची नोकरी गेली," आबा म्हणाले. "मे म्हैन्यातच. गणपतीत सांगितलं त्यानं मला. आता हितंच बसंल. हळूहळू शिकंल. तू हायसच की शिकवायला."

"त्याला कानस कुठल्या बाजूनं धरायची ते माहीत नाही, आबा."

"तुला तरी कुठं म्हाईत हुतं? मीच शिकवलं न्हवं? आणि बेंच काय दरसाल हुतं का? एकदाच करायचं, ते कायम ऱ्हाणाऱ्याच्या मापाचं करायचं. तू उद्या तुझ्या घरी जाशील."

"आणि हे कुणाचं घर आहे?"

"वैजू," आई म्हणाली, "पूजा व्हायचीय गं अजून."

"अडतीस लिही म्हणून तुम्ही सांगितलंत. तुम्ही मोजलंत. तुमच्या हातानं."

"तवा मला काय ठावं?" आबांचा आवाज चढला. "तवा मला वाटत हुतं, हा तिकडं सुखात हाय."

"म्हणजे तो सुखात होता तोवर माझं कोपर."

आबांनी चौरंगावरचं रबर अंगठ्यानं दाबून बघितलं. आपलं चुकलं हे त्यांना कळलं. पण माफ कर म्हणणं त्यांना आयुष्यात जमलं नाही, त्या दिवशीही जमलं नाही.

"मी कुठं मागितलं होतं?" रणधीर पुटपुटला.

मी त्याच्याकडे वळले. "मागितलं नव्हतंस. नको म्हणालास का, एवढंच सांग."

तो पुन्हा फरशीकडे बघायला लागला. त्याचाही राग आला, पण तो लोंबकळणारा राग होता, त्याला धरायला काही नव्हतं. हा माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहिला होता, कुणीतरी आपलं कोपर मोजतंय आणि आपण मोजून घेतोय. घरात सगळं त्याच्यासाठी असंच आपोआप व्हायचं. गाडी नव्हती तरी गाडीची खोली होती.

मी पाटावरचा हॅक्सॉ उचलला.

आई ओरडली नाही, तिनं फक्त पदर तोंडावर धरला. "वैजू, ठेव ते. आज हत्यार हलवत न्हाईत."

"उद्या हे बेंच जमिनीत पक्कं होणार आहे, आई. मग कुणाला हलणार नाही."

"उद्या दुकानात न्हेऊन मी कापून देतो की," शौकतचाचा म्हणाले. "मशीनवर पाच मिंटांचं काम."

"उद्या नाही, चाचा."

मी पाना घेऊन व्हाइसचे चार बोल्ट काढले. व्हाइस पोटाशी धरून लेथशेजारी खाली ठेवला. तीस किलोचा होता, मदतीला कुणी पुढं आलं नाही आणि मला ती नकोच होती. पण बेंच आडवं करायला दोन माणसं लागतात. मी रणधीरकडे बघितलं. "धर," म्हटलं. त्यानं मुकाट्यानं धरलं. बेंच आडवं झालं, चार पाय हवेत.

मी गुण्या लावला, सळईच्या टोकानं चारी पायांवर सात-सात इंचांवर खूण ओढली आणि कापायला लागले.

हॅक्सॉच्या मुठीला हळदकुंकू होतं. घामानं ते ओलं झालं आणि माझा हात लाल झाला. पात्याला अडकलेल्या झेंडूच्या दोन पाकळ्या पहिल्याच घावांत चिरल्या. जाड लोखंडी अँगल होता, एका पायाला आठ-दहा मिनिटं लागत होती. निरांजन पाटावर जळत होतं. सगळे उभे होते, फक्त आबा बसले होते, त्याच हिरव्या चौरंगावर, गुडघे वर घेऊन. पहिला तुकडा खणकन पडला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या पायाला रणधीर म्हणाला, "दे, मी कापतो थोडं." मी म्हटलं, "तू नुसतं धर." तिसऱ्या पायाला पातं तुटलं. मी उठून डब्यातून नवं काढलं, ताण दिला आणि पुन्हा बसले.  रागातही मी खुणेच्या बाहेर गेले नाही.

चौथा तुकडा पडला. मी चारी टोकांवर कानस मारली, कड मोडली. बेंच उभं केलं. व्हाइस परत चढवला, बोल्ट आवळले. उभी राहिले, हात दुमडला, मूठ हनुवटीखाली. कोपर जबड्याला टेकलं. पाय जमिनीवर होते.

तेव्हा आबा चौरंगावरून उठले. मला वाटलं, आता हात उगारणार. ते बेंचपाशी आले आणि एका कोपऱ्यावर तळहात ठेवून अंगाचा सगळा भार दिला. मग समोरच्या कोपऱ्यावर. मग उरलेल्या दोन्हींवर. हातानं कापलेले चार पाय. केसाचा फरक असता तरी बेंच डुललं असतं.

"हलत न्हाई," आबा म्हणाले आणि घरात निघून गेले.

दसऱ्याला शौकतचाचांनी पाय जमिनीत पक्के केले. रणधीर तिसऱ्या दिवशी पुण्याला गेला. दिवाळीच्या आत त्याला दुसरी नोकरी लागली, पुढं गाडीही आली. तो येतो तेव्हा ती गल्लीत लावतो.

मी त्या खोलीत आज पंचवीस वर्षं काम करतेय. गिऱ्हाइकं आता मलाच मिस्त्री म्हणतात. हिरवा चौरंग मी पुढं आईला दिला, तिनं त्यावर पाण्याची कळशी ठेवली.

आबा वारले तोवर, अकरा वर्षं, माझ्याबरोबर त्याच बेंचवर काम करत होते. त्या दिवसाबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही. व्हाइस अडतीसवर, त्यांचं कोपर एक्केचाळीसवर. तीन इंच वाकून ते कानस मारायचे. आधी संध्याकाळी कंबर धरून बसायचे, मग दुपारीच बसायला लागले, शेवटी शेवटी एक नग पूर्ण झाला की कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकायचे. मला दिसत होतं. मी लेथवर त्यांच्याकडे पाठ करून उभी असले तरी मला कळायचं, कारण कानशीचा आवाज थांबायचा.

ती सागवानी फळी सगळी वर्षं कोपऱ्यात उभी होती. तीन इंच जाड. आबांच्या कामाच्या वेळी व्हाइसखाली सारली असती तर बरोबर एक्केचाळीस झाले असते. चार बोल्ट सोडायचे आणि आवळायचे. आबांना हे माहीत होतं. मलाही माहीत होतं.

त्यांनी कधी मागितली नाही. मी कधी दिली नाही.